झाडी, डोंगार आणि चौकची ग्रामसभा

२०२२ चा जून संपता संपता महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या पोरांना दोन गोष्टी एकदमच पाठ झाल्या. एक, पक्षांतरबंदीचा कायदा. दुसरी, गुवाहाटीतल्या हॉटेलचं नाव. शिवसेनेचे एकनाथ शिंदे बंडखोर आमदारांना घेऊन आधी सुरतेला गेले, मग आसामात. चॅनलवाले त्यांच्या मागोमाग गेले. आणि सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर काय बोलले, ते साऱ्या राज्याने ऐकलं. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील... एकदम ओक्के.' बघता बघता त्या वाक्याची गाणी झाली, रिंगटोन झाल्या. ऑगस्टच्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओक्के'च्या घोषणा दिल्या, तेव्हा त्यांनीही बापूंचाच 'ओक्के' उसना घेतला होता. एक सरकार पडलं, एक पक्ष उभा फाटला, आणि लोकांच्या तोंडी त्यातलं उरलं ते हे एक वाक्य.

यावर वडीलधाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं असतं. ही पोरं कशाचंच गांभीर्य ठेवत नाहीत, टीव्हीवरच्या नकला आणि मोबाइलवरचे रील बघून यांना वाटतं की राजकारण म्हणजे नुसता तमाशा. हे ऐकलं की मला हटकून वाटतं, तमाशाला इतकं कमी लेखू नये. बतावणीत सोंगाड्याने पाटलाची, सावकाराची, कोतवालाची टोपी उडवायची ही आपली जुनी रीत आहे. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा दादा कोंडके त्यात दररोजच्या वर्तमानपत्रातलं राजकारण घुसडायचे आणि लोक त्यासाठीच पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. त्या प्रेक्षकांनी नंतर मतदान करणं सोडलं, असं काही कोणी म्हटलेलं नाही. माझ्या मते हसण्यावर ठेवलेला आरोप चुकीच्या दारात जाऊन उभा राहिला आहे. टीव्हीवरची बातमी आणि टीव्हीवरचं व्यंग या दोघांनी मिळून तरुणांना राजकारणातली माणसं दाखवली. राजकारणातली कामं दाखवलीच नाहीत. त्यात व्यंगाचा गुन्हा दुय्यम. व्यंगाला बातमीच्याच ताटात जेवावं लागतं, आणि ताटात जे वाढलेलं नाही ते त्याच्या पोटात जाणार कुठून?

व्यंग तरुणांचं काय करतं याचा सर्वांत मोठा प्रयोग जगात कुठे झाला असेल, तर तो मुंबईत झाला, आणि टीव्ही यायच्या आधी झाला. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे यांनी 'मार्मिक' सुरू केलं. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. व्यंगचित्रांचं साप्ताहिक, टपल्या मारणं हाच त्याचा धंदा. पण पुढे त्यात एक सदर आलं, 'वाचा आणि थंड बसा'. त्यात चित्र नव्हतं, कोटी नव्हती. मुंबईतल्या अमुक कंपनीत, तमुक कार्यालयात कोणत्या आडनावाची किती माणसं आहेत, त्याच्या याद्या होत्या. नोकरीसाठी वणवण फिरणारा गिरणगावातला, दादरचा, परळचा पोरगा व्यंगचित्राला हसायचा आणि पान उलटून यादी वाचायचा. १९ जून १९६६ रोजी शिवसेना निघाली. ऑक्टोबरात शिवाजी पार्क भरलं.

या प्रयोगातून दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही नीट बघायला हव्यात. पहिली अशी की, हसणारा तरुण निष्क्रिय होतो हे खोटं आहे. इथे तर तो हसता हसता रस्त्यावर आला. कारण 'मार्मिक'च्या हशाला पत्ता होता: कंपनीचं नाव होतं, खुर्ची होती, खुर्चीवरच्या माणसाचं आडनाव होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जायला जागा होती, गल्लीतली शाखा. नळाला पाणी नाही, शाळेत प्रवेश नाही, शाखेत जा. दुसरी गोष्ट तितकीच कडू आहे. त्या पत्त्यावर ज्यांची आडनावं होती, त्या दाक्षिणात्य कारकुनांनी आणि उडुपी हॉटेलवाल्यांनी त्या विनोदाची किंमत मोजली. पत्ता असलेलं व्यंग जोरदार असतं. ते न्यायी असेलच असं नाही. म्हणून मी इथे व्यंगाची आरती ओवाळत नाही. एवढंच म्हणतो की, त्याच्यात जोर कशाने येतो ते मराठी माणसाने तरी अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती.

तरी अमेरिकेचं थोडं सांगतो, कारण या विषयावर कोणी बोललं की तिथल्या अभ्यासाचा दाखला येतोच. जॉन स्टुअर्ट यांचा 'द डेली शो' हा बातम्यांची थट्टा करणारा कार्यक्रम तिथल्या तरुणांत गाजत होता तेव्हा बॉमगार्टनर आणि मॉरिस या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना त्यातले तुकडे दाखवले आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापला. मुलांचा उमेदवारांवरचा, निवडणूक व्यवस्थेवरचा, बातम्या देणाऱ्यांवरचा विश्वास घसरला होता. मात्र आपल्याला राजकारण कळतं हा आत्मविश्वास वाढला होता. पहिलं अर्धं वाक्य सगळे सांगतात, दुसरं गाळतात. मला दुसरंच जास्त धोक्याचं वाटतं. पुढे २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांना उलटंही सापडलं. विनोदवीर स्टीफन कोल्बेर यांनी आपल्या कार्यक्रमात निवडणुकीला पैसा पुरवणारी एक खरोखरची संस्था काढून दाखवली होती, आणि ते बघणाऱ्यांना निवडणूक निधीचे कायदे नेहमीच्या बातम्या बघणाऱ्यांपेक्षा चांगले समजले होते. म्हणजे थट्टा करणाऱ्याने यंत्र उघडून आतली चाकं दाखवली तर बघणारा शिकतो. चेहरा वेडावून दाखवला तर नुसता शहाणा झाल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे हे यंत्र उघडण्याचं काम अलीकडे एकदाच झालं, आणि तेही टीव्हीवरच्या कुठल्या विनोदवीराने केलं नाही. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरेंनी आपला एकही उमेदवार उभा केला नाही, पण नांदेडपासून सभा लावल्या. मंचावर मोठा पडदा, आणि 'लाव रे तो व्हिडीओ'. जुनी भाषणं, जुन्या जाहिराती, आणि शेजारी आजची स्थिती. मेळघाटातलं हरिसाल हे डिजिटल गाव म्हणून सरकारने मिरवलं होतं. त्या जाहिरातीतल्या तरुणालाच राज यांनी सोलापूरच्या मंचावर आणून उभं केलं. चॅनलांनी सभा थेट दाखवल्या. कॉलेजच्या कट्ट्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. आणि निकाल? राज्यात ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेनेला. आमच्या मावळ मतदारसंघात श्रीरंग बारणे यांनी पार्थ पवारांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. ते व्हिडीओ बघून पोट धरून हसलेली पोरंच त्या दोन लाखांत होती, याबद्दल मला शंका नाही. जिथे ज्याच्यावर हसायचं तो सत्तेत, आणि जो हसवतोय तो मतपत्रिकेवरच नाही, तिथे हशाने जायचं कुठे? 'मार्मिक'च्या मागे शाखा होती. पडद्याच्या मागे मैदान होतं, आणि सभा संपली की तेही रिकामं व्हायचं.

आता टीव्हीवरच्या व्यंगाकडे येतो. ई टीव्ही मराठीवर 'घडलंय बिघडलंय' लागायचं, त्यात नेत्यांची आणि त्यांच्या धोरणांची दोन्हींची फिरकी असे, हे ज्यांनी ते पाहिलं ते सांगतील. पुढे २०१४ मध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' आलं आणि जवळपास दहा वर्षं घराघरांत राहिलं. कार्यक्रम लोकप्रिय होता, कलाकार कसबी होते, भाऊ कदमांचं टायमिंग पुढच्या पिढ्यांनी अभ्यासावं असं. पण राजकारण आलं की तिथे उरायची नक्कल. नारायण राणे यांच्या नकलेवरून निलेश साबळे यांना २०२० मध्ये स्वतः राणेंना भेटून माफी मागावी लागली. एका राजकीय नेत्याने रागवावं आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रधाराने जाऊन पाया पडावं, हे बघितल्यावर बाकीचे लेखक काय लिहिणार? ते चालीचा, आवाजाचा, दाढीचा, 'तुमच्यासाठी काय पण'छाप तकियाकलामाचा विनोद लिहिणार. नक्कल नेत्याला लहान करत नाही. घरचा करते. ज्याची नक्कल होते तो आपल्या ओळखीचा वाटायला लागतो, आणि ओळखीच्या माणसाला कोणी हिशेब विचारत नाही. नेत्यांना हे फार लवकर कळलं. २०२३ मध्ये 'खुपते तिथे गुप्ते' पुन्हा सुरू झालं तेव्हा राज ठाकरे, शिंदे, राणे, सारे हौसेने त्या खुर्चीवर जाऊन बसले. हळवे झाले, हसले, गाणी ऐकली. मला तो कार्यक्रम बघायला आवडला, हे कबूल करायला हरकत नाही. पण तासाभराच्या शेवटी मला त्यांच्या आईबद्दल जे कळलं त्याचा दहावा हिस्साही त्यांच्या खात्याबद्दल कळलं नाही.

ज्याने ही चौकट मोडली त्याचं काय झालं तेही पोरांनी पाहिलं. स्टँडअप विनोदवीर कुणाल कामराने खारच्या हॅबिटॅट स्टुडिओतल्या कार्यक्रमात शिंदेंवर विडंबनगीत म्हटलं, आणि मार्च २०२५ मध्ये ते लोकांसमोर आलं. शिवसैनिकांनी स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन आले. कामराचं गाणं यूट्यूबवर होतं, पण ते आमच्या चौक गावच्या आणि खोपोलीच्या घराघरांत पोहोचवलं ते बातम्यांच्या चॅनलांनी, दिवसभर, खाली लाल पट्टी लावून. त्या दिवशी चर्चा झाली ती माफी मागणार की नाही याची. स्टुडिओच्या बांधकामाविरुद्ध कारवाई करायचं महापालिकेला नेमकं त्याच दिवशी कसं काय सुचलं, हा खरा चटकदार विषय होता. तो वाऱ्यावर गेला.

इथवर मी सगळं मुंबईचं आणि गुवाहाटीचं बोललो. तेच तर दुखणं आहे. टीव्ही आपल्याला तिथेच घेऊन जातो. म्हणून आता जरा चौकला या.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पनवेल सोडलं की खोपोलीच्या आधी चौक लागतं. इथून कर्जतला रस्ता फुटतो, पनवेल-कर्जत रेल्वेमार्गावर चौकचं स्टेशन आहे, वर इर्शाळगडाचा सुळका. गाव खालापूर तालुक्यात, पण विधानसभेला मत पडतं समुद्रकाठच्या उरणला आणि लोकसभेला घाट ओलांडून पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरलेल्या मावळात. पलीकडची खोपोली आणि कर्जत वेगळ्या आमदाराची. म्हणजे टीव्हीवर 'कर्जतमध्ये काटे की टक्कर' असं लागलं तरी चौकच्या पोराचं त्यात मत नसतं, आणि उरणची बातमी लागली तर ती असते जेएनपीटीची. आपला आमदार कोण, हा प्रश्न इथल्या अठरा वर्षांच्या मुलाला विचारून बघा. पाचपैकी दोघे शेजारच्या मतदारसंघाचं नाव सांगतात, कारण ते त्यांनी गुवाहाटीच्या यादीत ऐकलेलं असतं.

या रस्त्यावर चॅनलांच्या गाड्यांची रांग लागली ती १९ जुलै २०२३ च्या रात्रीनंतर. इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी, २२८ माणसं, वर जायला गाडीरस्ता नाही. पावसात, चिखलात दीड-दोन तास चढ. २७ मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं मातीखालीच होती. मुख्यमंत्री चालत वर गेले, मंत्री गेले, विरोधी पक्षाचे नेते खाली येऊन गेले. रेनकोटमधला नेता, मागे धुकं, पुढे माइक, हे चित्र चार दिवस चाललं. जे प्रसंग कव्हर करायला हवेत ते चॅनलांनी केले, यात खोट काढायची नाही. चिखलात चढलेल्या रिपोर्टरांबद्दल आदरच आहे. खोपोलीच्या आणि चौकच्या पोरांनी तर ढिगारे हातांनी उपसले, आणि टीव्हीवरही त्यांचा उल्लेख आला.

पण बातमी होती ती पाचव्या दिवशी सुरू होणारी. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. दोनच वर्षांपूर्वी, २०२१ च्या जुलैमध्ये महाडजवळ तळीये गाडलं गेलं होतं, त्यानंतर जिल्ह्यातल्या धोक्याच्या गावांची पाहणी झाली होती. मग यादी करताना कड्याखालची वाडी कशी सुटली? यादी कोण करतं, कोणत्या टेबलावर मंजूर होते, गावाला ती वाचायला मिळते का? ही यंत्र उघडायची जागा होती. तोवर ओबी व्हॅन निघून गेल्या. पंधरवड्यात त्या पुन्हा त्याच रस्त्यावर आल्या, कारण चौकजवळच्या हातनोलीत एन. डी. स्टुडिओमध्ये कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २ ऑगस्टला आयुष्य संपवलं. तेही दुःखच. त्यावरही संध्याकाळच्या चर्चेत चार पक्षांचे चार प्रवक्ते एकमेकांवर ओरडले. वाचलेले वाडीकर तोवर कंटेनरच्या घरांत जाऊन राहिले होते, आणि पहिली बरसी आली तेव्हाही कंटेनरमध्येच होते. त्या दिवशी एक-दोन कॅमेरे आले, बाइट घेतले, गेले.

इर्शाळगडावरून खाली बघितलं की मोरबे धरणाचं पाणी दिसतं. धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं. दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची क्षमता. नवी मुंबईच्या जाहिरातीत 'स्वतःच्या मालकीचं धरण असलेलं शहर' असं अभिमानाने लिहितात. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली ते धरणग्रस्त पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढतात, आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन चालतात. माझा प्रश्न साधा आहे. एका शहराच्या नावाने गावाच्या अंगणात धरण आहे आणि गावाला पाणी नाही, यापेक्षा सुंदर व्यंगाचा विषय दुसरा कोणता? यावर आजवर कोणत्या चॅनलने दहा मिनिटांचा विनोद केला?

जिल्हा परिषदेच्या निवडणुका रखडल्या होत्या त्या काळातली गोष्ट सांगतो. २०२२ च्या मार्चमध्ये रायगडसकट राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात अडकला, आणि लोकांनी निवडलेल्या सभासदांच्या जागी प्रशासक बसला. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं उलटली. गावचे रस्ते, शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, पाण्याच्या योजना, म्हणजे चौकच्या माणसाच्या आयुष्यातलं बरंचसं सरकार, तिथून चालतं. एका संध्याकाळी चौकच्या नाक्यावर वडापावच्या गाडीपाशी चार-पाच पोरं उभी होती. दोघे पाताळगंगा एमआयडीसीत कंत्राटी कामाला, एक पोलीस भरतीची तयारी करणारा. समोरच्या सलूनमध्ये टीव्ही चालू, आवाज बंद, खाली पट्टी पळतेय. विषय आमदार अपात्रतेचा होता आणि पोरांची तयारी भलतीच पक्की. व्हिप कोणाचा चालतो, प्रतोद कोण, अध्यक्षांना किती अधिकार, सगळं तोंडपाठ. मी थक्क झालो. वकिलाचं ऑफिस काढतील इतकं त्यांना येत होतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाला जे तीस वर्षांत जमलं नाही ते चॅनलांनी दोन वर्षांत केलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग मी विचारलं, "आपल्या जिल्हा परिषदेवर सध्या कोण आहे रे?"

"कोणी नाय काका. निवडणूक कुठे झालीय?" एक म्हणाला.

"प्रशासक हाय ना," भरतीवाला म्हणाला. "ग्रामसेवक बोलत होता."

"मग एवढी वर्षं निवडणूक नाही, यावर कोणी रील का बनवत नाही?"

कंत्राटीवाल्यांपैकी एकाने वडापावचा कागद चुरगळत उत्तर दिलं. "कशी बनवणार? प्रशासकाची नक्कल मारायची तर त्याचा आवाज कोणी ऐकलाय? सहीचा फोटो दाखवू काय?"

सारे हसले, मीही हसलो. पण या विषयावर मी जे काही वाचलं त्यापेक्षा त्या पोराने जास्त सांगितलं. टीव्हीला चेहरा लागतो. व्यंगाला आवाज लागतो. आणि आपल्या आयुष्यावर जी सत्ता सर्वांत जवळून चालते तिला ना चेहरा, ना आवाज. तिच्याकडे असतात फाइल, सही, शिक्का. प्रशासक कार्यक्षम असेल, प्रामाणिक असेल, तो मुद्दा नाही. तो निवडून आलेला नाही, तो कोणाला उत्तर देत नाही, आणि त्याच्यावर हसताही येत नाही. लोकशाहीत ज्याच्यावर हसता येत नाही अशी खुर्ची तीन वर्षांहून जास्त काळ गावाच्या डोक्यावर होती, आणि राज्यातलं सारं व्यंग गुवाहाटीच्या झाडीत रमलं होतं.

इथे शहाजीबापूंची पुढची गोष्ट सांगायला हवी. २०२४ च्या विधानसभेला सांगोल्यातून ते पडले. शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख निवडून आले. राज्यभर त्यांच्याइतका 'व्हायरल' झालेला आमदार दुसरा नव्हता. पण सांगोल्याला बापू विनोदाच्या आधीपासून आणि विनोदापलीकडे माहीत होते, म्हणून तिथे मत देताना विनोद मोजला गेला नाही. बाकीच्या महाराष्ट्राला त्यांच्यातलं तेवढंच माहीत होतं. माणूस जवळून माहीत असला की नकलेचा अंमल चढत नाही.

कोणी म्हणेल, आजकालची पोरं टीव्ही बघतातच कुठे? खरं आहे. सलूनमधला टीव्ही आवाज बंद करून चालतो, खिशातला मोबाइल आवाजासकट. पण मोबाइलवर जे येतं ते बऱ्याचदा टीव्हीचंच कापून आलेलं असतं: अँकर ओरडल्याचा तीस सेकंदांचा तुकडा, नेत्याने माइक ढकलल्याचा दहा सेकंदांचा. तुकडा जितका लहान तितका चेहरा मोठा आणि काम नाहीसं. त्यातही चांगलं काही घडतं. यूट्यूबवरचे 'बोल भिडू'सारखे लोक एखादा विषय मुळापासून समजावून सांगतात. भाडिपाच्या 'विषय खोल'ने राजकारण आणि थट्टा एकत्र बसवायचा प्रयत्न केला. ही पोरं त्यांच्याकडूनच शिकतात, आणि शिकताना हसतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही. फक्त त्यांचेही विषय बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरचे असतात, कारण तिथेच प्रेक्षक दहा लाखांच्या घरात जातो. चौक ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेला किती प्रेक्षक मिळणार?

या हिशेबाला मी नाही म्हणू शकत नाही. धंदा हा धंदा आहे. पूर्वी हे काम जिल्ह्याची वर्तमानपत्रं करायची. अलिबागचं 'कृषीवल' शेकापचं आहे हे शेंबडं पोरही जाणून होतं, म्हणून वाचणारा त्यातली बाजू वजा करून बातमी घ्यायचा. पंचायत समितीत कोण काय म्हणालं, कोणत्या ठरावावर भांडण झालं, ते त्यात यायचं. चॅनल आपली बाजू सांगत नाही आणि पंचायत समितीत येत नाही. मग तरुणाला बाजू वजा करायची सवयही लागत नाही. टीव्हीवर जो ओरडतो तो खरा, किंवा मग सगळेच चोर, या दोन टोकांत तो झुलतो. त्याला आपण निंदक म्हणतो. मला तो निंदक वाटत नाही. जिथे त्याचा काही इलाज चालू शकतो ते त्याला कोणी दाखवलंच नाही, एवढंच.

म्हणून विनोदी कार्यक्रम बंद करा, पोरांना गंभीर बातम्या दाखवा, असल्या सूचना मला हास्यास्पद वाटतात. बातमी स्वतःच पार्श्वसंगीत आणि ॲनिमेशन घेऊन नटून येते, तिच्यापेक्षा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' जास्त प्रामाणिक. करायचं असेल तर उलटं करावं. आपल्याकडे शिमग्याला नाव घेऊन बोंब मारायची रीत होती, आणि ज्याच्या नावाने मारली जायची त्याला ती ऐकावी लागायची. ती शिवी दिल्लीच्या नावाने नसायची. ज्याने पाणंद अडवली त्याच्या नावाने असायची. कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धांत, गणपतीच्या देखाव्यांत, गावच्या नमनात, जिथे अजूनही तरुण मुलं स्वतः लिहितात आणि स्वतः नाचतात, तिथे हे करता येईल. त्याला ना चॅनल लागतं ना परवानगीची रांग. मात्र गावात ज्याच्यावर विनोद करायचा त्याच्या नजरेला नजर देण्याची हिंमत लागते, आणि टीव्हीवरच्या नकलेपेक्षा ती अवघड आहे. 'मार्मिक'च्या याद्यांसारखं हे निष्पापांच्या अंगावर जाऊ नये, ही जबाबदारीही लिहिणाऱ्याचीच.

टीव्हीसाठी विनोद लिहिणाऱ्यांना मात्र एक आग्रहाचं बोलावणं आहे. विषय संपले, सगळे नेते वापरून झाले, वरून माफी मागायला लावतात, अशी तुमची तक्रार ऐकू येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, यातल्या एखाद्या दिवशी आमच्या भागातल्या ग्रामसभेला या. पनवेलहून एसटी मिळते, तासाभराचा रस्ता आहे. गणपूर्तीसाठी घरोघरी माणसं गोळा करायला पाठवलेला शिपाई, सभा संपल्यावर वहीवर घेतलेल्या सह्या, धरण डोळ्यांसमोर असताना टँकरच्या फेऱ्यांवर झालेली चर्चा, आणि मागच्या बाकावर मोबाइलवर मुंबईचं राजकारण बघत बसलेली आमची पोरं, सगळं तिथे आयतं मिळेल. नावं आम्ही सांगू.